अकरा हजार चारशे

सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला,
मर्यादेच्या वर जाताय, काका.
अकरा हजार चारशेने.

बाबांनी फॉर्म सोळा उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.

गेल्या वर्षी रबाळ्याच्या कंपनीत
रविवारच्या जादा पाळ्या केल्या होत्या त्यांनी,
माझ्याच फीसाठी.
त्यांचेच हे.

घणसोलीपर्यंत चालत आलो.
वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला,
स्वतःसाठी हाफ सांगितला.

आईने दारातच विचारलं, काय झालं?
चपला काढता काढता बाबा म्हणाले,
"सरकारच्या मते आपलं बरं चाललंय."

त्या रविवारी आईने गजर लावला नाही.
तरी पावणेसहाला
मोरीतला नळ वाजला.