ओली रेघ

मैदानावरच्या पांढऱ्या रेघा मी मारतो.
दर पाच यार्डांना एक, सव्वीस वर्षं.
आधी चुना होता, आता रंग आलाय.
म्हणून लोक मलाच विचारतात,
जणू रेघ मारणाऱ्याला पलीकडचंही दिसतं:
"तू दोघांनाही जवळून पाहिलंस, ऑरिन.
खरं सांग, स्ट्रिकलँड की हा नवा?"

नव्याला सहा वर्षं झाली.
आमच्या गावात नवेपण लवकर झिजत नाही.

शनिवारी सकाळी आठलाच पार्किंगमध्ये
पिकअपचे मागचे फाळके उतरतात,
निखाऱ्यावर सॉसेज तडतडतात
आणि कोर्ट भरतं.
डेलबर्ट आकडे घेऊन येतो, तोंडपाठ,
एकशे अठ्ठ्याऐंशी विजय स्ट्रिकलँडचे,
आणि मोहरी लावता लावता नव्याचे पराभव मोजतो.
व्हर्ना म्हणते, तो हरला की रविवारी
चर्चमध्ये पहिल्या बाकावर मान खाली घालून बसायचा;
हा प्रूइट सोमवारी पोरांना व्हिडिओ दाखवतो.
"याच्यात आगच नाही."
"तो खुर्च्या फेकायचा."
"फेकायचा, पण वेळेवर फेकायचा."

मला त्यांचे फक्त बूट माहीत आहेत.
स्ट्रिकलँड इतक्या येरझाऱ्या घालायचा
की थँक्सगिव्हिंगपर्यंत
चाळीस यार्डांपाशी गवताला टक्कल पडायचं.
दर वसंतात तिथे नवं बी टाकायचो, शिव्या देत.
प्रूइट एका जागी उभा राहतो.
सामन्यानंतर दोन खळगे उरतात, टाचांचे.
एकदा रात्री दिवे मालवायच्या आधी
मी त्यांत पाय ठेवून पाहिले.
माझ्याच मापाचे.

गेल्या नोव्हेंबरात, हॅडनविरुद्ध,
चार मिनिटं उरलेली, तीन गुणांनी मागे.
टाय मॅब्री, आमचा क्वार्टरबॅक, डोक्यावर आपटला,
उठला,
आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.
प्रूइटने त्याचं हेल्मेट काढून घेतलं,
काखेत धरलं, शेवटच्या शिट्टीपर्यंत.
पोरगा मागत होता.
स्टँडमधली अकरा हजार माणसं मागत होती.
त्याने दिलं नाही. आम्ही हरलो.

बर्फ वितळेपर्यंत गाव त्या हेल्मेटवर बोलत राहिलं.
न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर,
बूथ म्हाताऱ्याच्या दफनविधीतसुद्धा, कॉफीपाशी.
"स्ट्रिकलँडने खेळवलं असतं."
सगळ्यांत मोठ्याने म्हणाला माझा भाऊ.

वेंडेल. चौपन्न नंबर.
गुडघ्यात सुई घेऊन दुसऱ्या हाफला उतरलेला.
मी तेव्हा शाळेत होतो, कुंपणाला नाक लावून.
"कोचने खांद्यावर हात ठेवला," वेंडेल सांगतो,
"म्हणाला, पोरा, तुझ्यावाचून अडलंय."
हे एक वाक्य त्याने
पुरवून पुरवून तेहतीस वर्षं खाल्लंय.
त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो.
हेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटा ठरेन.

सामना संपला की तो स्टँड उतरतो
आडवा होऊन, कठडा धरून,
दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची पायरी.
मागे रांग थांबते.
कुणी घाई करत नाही, सगळे त्याला ओळखतात,
आणि तो मान वळवून त्यांना सांगत असतो
की आता तसे कोच राहिले नाहीत.

मॅब्री मार्चमध्ये भेटला,
कुंपणाजवळ हरवलेली किल्ली शोधत होता.
दोघांनी मिळून शोधली.
जाताना म्हणाला, "थँक्स, मिस्टर टॅकेट."
माझं नाव, त्याच्या लक्षात.
मी घरी कुणाला सांगितलं नाही.

आज पुन्हा शनिवार.
वेंडेल कुंपणावर कोपरं टेकून उभा,
मागे डेलबर्ट, व्हर्ना, कागदी बशा.
"बोल की, ऑरिन, तू कधी बोलतच नाहीस.
तो की हा?"
मी मशीन थांबवतो, हात पुसतो.
म्हणतो, रेघ ओली आहे अजून,
पाय जपून टाक.