सुई काढून ठेवा

धातूचं काही अंगावर नको, असं मी रोज
वीस-पंचवीस जणांना सांगते.
करगोटा निघतो, ताईत निघतो, दातांची कवळी.
एकदा जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली.
मैनोद्दीन टेलर, वय अठ्ठावन्न, मुक्काम औसा,
यांनी शर्टाची कॉलर उलटी केली
आणि सुई काढून दिली. पांढरा दोरा ओवलेला,
वीतभर.
"सांभाळून ठेवा ताई. नऊ नंबर हाय."
मी ती ट्रेमध्ये ठेवली, त्यांच्या घड्याळाशेजारी.

त्याआधी पाऊण तास ते दीड लिटर पाणी पीत होते,
औषध कालवलेलं, गुळचट.
"लातुरात एका मान्साला एवढं पानी!
आठ दिवसाला नळ येतो,
अन् तुमी म्हनता, घोट घोट संपवा."
आतडं फुगावं लागतं, मी म्हटलं,
रिकामं असलं की घड्या पडतात,
घडीत काही दिसत नाही.
"ते बरूबर. ठाण उलगडल्याबिगर
डाग सापडत न्हाई."

फाइल जाड. वर्षभराची.
हिमोग्लोबिन साडेसहा. रक्ताच्या दोन पिशव्या.
आधी ॲसिडिटी, मग मूळव्याध, मग 'टेन्शन घेऊ नका काका'.
वरून दुर्बीण घातली, नॉर्मल.
खालून घातली, नॉर्मल.
मधे उरतं वीस फूट,
तिकडं सहसा कुणी जात नाही.
गोळ्या घेऊन ते घरी गेले, मशीनवर बसले,
जेवण झालं की पोट पिळायचं, थोड्या वेळानं सुटायचं.
शाळेचे गणवेश जूनच्या आत द्यायचे होते.

हात डोक्यामागं. आता माझी सुई.
अंगातून गरम लाट जाईल,
लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरू नका.
मशीनमधली बाई हिंदीत बोलते:
साँस लो. रोको.
तिचं 'छोड दो' यायला
किती वेळ लागतो.

काचेअलीकडे मी.
कापामागून काप सरकतो, करडा.
यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं जागच्या जागी.
मग आतड्याची वेटोळी, पाण्यानं टम्म,
कड कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
एक वळण, दुसरं, तिसरं,
चौथ्यापाशी भिंत जाड.
दोन इंचांचं कडं, आत वाट
नेढ्याएवढी.
वरचं वेटोळं तुंबलेलं.
शेजारच्या चरबीत दोन-तीन गाठी, मटकीएवढ्या.
पुस्तकात या भागाला रिक्तांत्र म्हणतात.
अकरा वर्षांत ते असं भरलेलं
मी चारदा पाहिलं.

सांगायचं मी नाही. रिपोर्ट मॅडम लिहितात,
त्याही 'शक्यता' लिहितात,
नाव पडतं तुकडा तपासल्यावर.
नोकरीतली पहिली ताकीद:
चेहरा कोरा ठेवायचा.
दार उघडलं. ठेवला.

ते उठून बसले, बटणं लावली,
माझ्याकडं नाही, ॲप्रनकडं बघत राहिले.
"खिसा उसवलाय."
उसवला होता. महिना झाला. पेनं गळून पडायची.
"काढा. फिलिम येईस्तोर दोन टाके."
ट्रेमधली सुई उचलली,
दोरा ट्यूबलाइटकडं धरून बघितला,
बाकावर मांडी घातली.

"एक इचारू?" मान खालीच.
"उसवलंय का फाटलंय?
उसवलं असलं तर टाका बसतो.
फाटलं असलं तर तेवढं कापून
दोन्ही कडा जोडाव्या लागतात."
मॅडम सांगतील, मी म्हटलं.
"मॅडमला कुटं इचारलं."

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होते.
"जोडतात," मी म्हटलं. "कापून जोडतात, मामा."
तेवढंच. तेही जास्त.
त्यांनी दोरा दातानं तोडला,
सुई कॉलरीत खोचली.

मॅडमनी संध्याकाळी रिपोर्ट लिहिला.
मी घरी येऊन ॲप्रन उलटा केला,
दिव्याखाली धरला.
बारीक टाके, एकसारखे.
बोट फिरवून फिरवून पाहिलं,
गाठ कुठं मारलीय
ते सापडलं नाही.