पांढऱ्या खुंट्या

मेढ्याहून जीपने वर आलो. गळ्यात पास,
पासावर 'रांजणे'चं 'रंजने' झालेलं.
बँकेतल्या पुतण्याने दिला. म्हणाला, जाऊन तर या काका,
तुम्हाला नाहीतरी नुसतं चालायला आवडतं,
तिथंही नुसतं चालायचंच असतं.

पठार ओळखीचं.
अठ्ठ्याऐंशी साली याच कातळावर मी प्लेन टेबल मांडलं होतं
आणि करवंदीच्या जाळीतून शंकर धनावडे ओरडायचा,
'सायेब, झेंडी दिसतीया का?'
आता झेंड्या अठरा,
आणि गवत असं, की चपला हातात घ्याव्यात.

आम्ही शेसव्वाशे माणसं दोरीच्या अलीकडे.
मेढ्याच्या कॉलेजातली समिधा सपकाळ
'शांतता राखा'ची पाटी डोक्यावर धरते,
तेव्हा शेंगा खाणारासुद्धा शेंग फोडायची थांबतो.
मग वाळकी फांदी मोडावी तसा एक आवाज.
चेंडू कुणालाच दिसत नाही,
माना मात्र सगळ्यांच्या एकदम वळतात.

मी पावलं मोजत राहिलो. सवय.
खेळाडूही मोजतात, डोळ्याला दुर्बीण लावून,
वही काढून, वारा बोटात धरून.
हे बरं वाटलं.
कुणीतरी अजून एखाद्या फुटासाठी एवढा विचार करतं.

बाराव्या होलवर गुरशान नावाच्या पोराचा चेंडू
उजवीकडे गेला, घाणेरीत.
बोर्डावर तो दुसरा. एका फटक्याने मागे.
आम्ही सगळे तिकडे.
चेंडू सापडला. पण तिथे ओळीने पांढऱ्या खुंट्या होत्या:
खुंटीच्या आत खेळ, बाहेर नाही.

तो पालथा पडला.
खरंच पालथा, गाल जमिनीला लावून,
एक डोळा मिटून,
या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बघत.
माझी पाठ आपोआप वाकली. तीस वर्षं मी असाच वाकलो.
त्याच्या कॅडीने, पार्ट्यांच्या सुहासने, दोरी ताणून धरली.
बोटभर.
चेंडू बोटभर बाहेर होता.

मी थांबलो होतो. आता कुणीतरी म्हणेल, खुंटीच हललीय.
म्हणेल, आमच्या आज्याच्या वेळेपासनं हद्द इथं न्हवती.
एखादी बाई मध्ये येऊन बसेल.
गुरशानने कपडे झटकले, चेंडू खिशात टाकला,
पंचाकडे बघून मान हलवली
आणि उलटा चालू लागला, जिथून मारला होता तिथवर,
एकटा, दोनशे चाळीस पावलं.
मी मोजली.

'काका, आवो बॉल तर घावला की,'
समिधा पाटी खाली घेत म्हणाली, 'मग परत कशापायी?'

वाघजाईवाडीला दोन भावांच्या बांधावर
मी एक दगड हातभर सरकवला होता.
हातभरच. टिपणाला धक्का न लावता.
थोरल्याने मधाची बाटली दिली होती, जांभळाचा मध, काळपट.
धाकटा काही बोलला नाही. त्याला वाचता येत नव्हतं.
नुसता दगडाकडे बघत राहिला,
आणि मग मलाच म्हणाला, 'च्या घ्या सायेब.'
तो चहा मी प्यालो.
बाटली हिने दोन वर्षं पुरवली, खोकल्याला.

'नियम असतो,' मी समिधाला म्हणालो.
यापेक्षा जास्त सांगायला घसा नव्हता.

पुढे तो जिंकला की हरला, माहीत नाही.
गर्दी तेराव्याकडे सरकली, पाटी पुन्हा वर गेली,
मी मागेच राहिलो, घाणेरीपाशी.
खुंटी फायबरची, पोकळ.
वाऱ्याने जराशी डुलत होती,
दोन बोटांनी उपटता आली असती.

दोन्ही हात पाठीमागे धरले,
आणि शेवटच्या जीपची वेळ होईपर्यंत
तिथेच उभा राहिलो, अलीकडच्या बाजूला.