शिफारसपत्र

फॉर्म विचारतो, या विद्यार्थिनीला किती काळ ओळखता?
चार वर्षं, मी लिहितो.
खरं तर पाच. पहिल्या वर्षी तिचं नाव हजेरीत नव्हतं,
मागच्या दारापाशी बसायची, घोंगडीला गळ्याशी पिन लावून,
आणि मी तिला शिपायाची बहीण समजत होतो.

पुढचा रकाना.
आजवरच्या तुमच्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते?
वरच्या एक टक्क्यात? पाच? दहा?
एकच गोल भरा.

मायबाप, लेसोथोच्या या डोंगराआड
गणिताच्या शेवटच्या वर्षाला अकरा जणं आहेत.
अकरांचे पाच टक्के म्हणजे
अर्ध्याहून किंचित जास्त माणूस.
दिनेओचा कुठला अर्धा पाठवू?
गुडघ्यावर वही ठेवून समीकरणं सोडवणारा,
की शनिवारी मापुत्सोएच्या कारखान्यात आईशेजारी
परक्यांच्या जीन्सना खिसे शिवणारा?

सुरुवातीला तेवीस होते.
कुणी सीमेपलीकडे खाणीत गेले, कुणी लग्न करून,
एक जण नुसताच.
कुलसचिवांच्या तक्त्यात याला गळती म्हणतात.

तिचा प्रबंधही गळतीवर. पाण्याच्या.
रस्ता न उकरता, नळाला कान न लावता
फक्त दोन टोकांच्या दाबावरून सांगायचं
मधे पाइप कुठे फुटलाय.
उलटं गणित: उत्तर हातात, प्रश्न जमिनीखाली.
तीन महिने काही एका जागी ठरेना,
मोजमापात केसाएवढी चूक, की फूट या गल्लीतून त्या गल्लीत.
मग एका सकाळी दारात उभी.
"न्ताते, मी त्याचा हट्ट जरा कमी केला.
प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवलं."
या युक्तीला पुस्तकात भारदस्त नाव आहे.
पुस्तक तिने नंतर वाचलं.

हे लिहितो.
नगरपालिकेची माणसं कुदळी घेऊन गेली तेव्हा
सांगितल्या जागेपासून चार मीटरवर चिखल लागला,
तेही लिहितो. चार मीटर म्हणजे चार मीटर.

सहा विद्यापीठं, प्रत्येकी पंचाहत्तर डॉलर.
फी माफ हवी तर गरिबीचा पुरावा जोडा, पीडीएफमध्ये.
आईच्या पगारपावतीचा फोटो तिने खिडकीत धरून काढला,
कोपऱ्यात अंगठा आलाय.
तो कापू नकोस, म्हटलं मी. असू दे.

मुदत पंधरा तारखेची मध्यरात्र, त्यांची.
आमच्याकडे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतील,
पण आमच्या डिसेंबरचा काय भरवसा,
संध्याकाळी वीज कडाडली की टॉवर रात्रभर मुका.
म्हणून आज, ढग जमायच्या आत.

मीही गेलो होतो. शहाऐंशी साली, डंडीला.
माझ्या सरांनी टाइपरायटरवर तीनच ओळी लिहिल्या होत्या,
शेवटची अशी: हा परत येईल.
त्या ओळीची प्रत मला पुढे फाइलीत सापडली,
परत आल्यावर बारा वर्षांनी.
खडूने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या तोवर.
पस्तावलो का?
फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

कर्सर मिटमिटतो.
ही परत येईल, मी टाइप करतो.
बघत बसतो.
सीमेवरच्या अटी ज्याच्या त्याने घालायच्या असतात,
हे मीच शिकवलं तिला, दुसऱ्या सत्रात, फळ्यावर.
एकेक अक्षर मागे घेतो.

एक टक्क्याचा गोल भरला. हिशेब बसत नाही, न बसो.

सगळ्यात खाली एक रकाना, ऐच्छिक:
नावाचा उच्चार.
इतकी वर्षं तो मी रिकामाच सोडत आलो.
आज लिहिलं,
आमच्या लिपीत तिचं नाव 'ल' ने सुरू होतं,
पण तो 'ल' आम्ही 'द' म्हणतो.
कागदावर लिनेओ दिसेल तुम्हाला.
हाक मारताना
दिनेओ म्हणा.