पान सात

गोलाणी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर
मयूर सर म्हणतात, यात संघर्ष कुठाय?
माझे साडेचारशे शब्द त्यांच्या टेबलावर,
उडू नयेत म्हणून वर मोबाइल.
वडील शेतकरी दाखवू. एक दुष्काळ टाकू.
मी म्हटलं, वडील पारोळा डेपोत टायर सेक्शनला आहेत.
दुष्काळ असो, सुकाळ असो,
पंक्चर तेवढीच निघतात.
ते हसले नाहीत.
मी खोडलेलं "लहानपणापासून"
त्यांनी लाल पेनाने परत लिहून दिलं.

एरंडोलपर्यंत उभी.
जागा मिळाली तेव्हा कागद काढून मोजलं,
"मी" एकोणतीस वेळा.
घरात एवढ्यांदा मी मी केलं असतं
तर आईने कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

पोर्टफोलिओ मात्र माझा मला आवडतो.
बारा पानं.
एक संग्रहालय, एक काचेचं वाचनालय
(कुणी बांधणार नाही, त्यामुळे निर्दोष)
आणि पान सात:
बेबाबाई शिरसाठांच्या धाब्याचा छेद, एकास वीस.
खाली सागाचे सर, त्यावर किलच्या,
निंबाचा पाला, चिखल,
वर चार बोटं खारी माती.
बोटं बेबाबाईंची.
माझी साडेपाच भरतात.

मागच्या मेमध्ये टेप घेऊन चढले होते.
उतार किती ठेवता, विचारलं.
त्यांनी तांब्याभर पाणी मधोमध ओतलं
आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.
पाणी थबकलं, नव्या सुनेसारखं,
मग पनाळाकडे निघालं.
मी वहीत लिहिलं, दोन टक्के.
टेप पिशवीतच राहिली.

परवा सांगायला गेले, लांब चाललेय म्हणून.
"तठे बरफ पडस ना?"
पडतो.
"मंग धाबावर कितला दिन ऱ्हास?
वझं व्हस का नई? उतार कितला देतस?"

पाच वर्षं वास्तुकला शिकले.
त्यांच्या अंगणात उभी राहिले नुसती.

रात्री सगळं खोडलं
आणि त्यांचा प्रश्न पहिल्या ओळीत ठेवला.
इंग्रजीत तो जरा सभ्य झाला,
वझ्याचं वजन कमी झालं,
तरी चालत होता.

फॉर्म विचारतो, या पानात आपलं योगदान किती? टक्क्यांत सांगा.
रेषा माझ्या. तांब्या त्यांचा.
त्यांना विचारलं तर म्हणाल्या,
"मन्हं नाव कसाले? धाबं गयत नई, तितलं लिख."
तितलं रकान्यात मावेना.
साठ लिहिलं. चाळीस केलं.
सहकाऱ्याच्या नावापुढे ईमेल सक्तीचा निघाला.

एकतीस मे. रात्रीचे दोन. आमची गच्ची,
कारण रेंज इथेच, आणि खाली भट्टी.
बेबाबाईंचा ईमेल काढला.
जन्मतारीख? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, असं त्या सांगतात,
साल बैलाला माहीत.
मी एक जानेवारी टाकली, शाळा टाकते तशी.
पासवर्ड: चारबोटंखारी.

तिकडे मध्यरात्र व्हायला दीड तास.
फाइल बावीस एमबी, त्यांना दहा हवी.
दाबली तर वाचनालयाला काही झालं नाही,
किलच्या तेवढ्या पुसल्या गेल्या.
एकेक रेष पुन्हा जाड केली.
साडेतीनला पाच कमी असताना गेली.

सकाळी दोन मेल.
एक मला.
एक त्यांना: प्रिय बेबाबाई,
आपल्या कामाची नोंद झाली आहे.

मयूर सरांना कळवलं नाही अजून.
समोर त्या धाब्यावर,
कासोटा खोचलेला, पायाशी रिकामा तांब्या.
मी मोबाइल उंच धरून हाक मारली.
त्यांनी मान वळवली नाही, नुसता हात केला.
"थांब व. पानी जाऊ दे."