घोटाई

फैजपूरला झांबऱ्यांच्या नव्या बंगल्यात
हॉलची एक भिंत मला दिली.
एकच. बाकीच्या तीन पेंटरकडे.
सुनेनं मोबाइलवर फोटो दाखवला,
कुठल्याशा हॉटेलातली, राखेच्या रंगाची भिंत,
म्हणाली, अशी. आणि हिच्यात चेहरा दिसला पाहिजे.
मी म्हटलं, चेहरा नाही दिसायचा वहिनी,
कुणीतरी उभं आहे एवढं दिसेल.

चुना दोन महिने आधीच भिजत घातला होता
यावलला, घरामागे, निळ्या पिंपात,
वर चार बोटं पाणी.
बायको म्हणते, दह्याला नाही कधी एवढं जपलं.
खरंय. दही एका रात्रीत लागतं.

पहिला थर खरबरीत. दुसरा,
पहिला बोटाला गार लागेल पण चिकटणार नाही
अशा वेळी.
तिसरा म्हणजे नुसती साय.
मग पोलादी थापी, कोन बदलत बदलत.
मग दगड.

दगड मुरादचाचांचा. अकीक, मधाच्या रंगाचा,
एका अंगानं झिजलेला.
शाळेत माझ्याकडून पाढे कुणी घोटून घेतले नाहीत,
चाचांनी भिंत घोटून घेतली.
तोवर त्यांचे डोळे गेले होते,
एक चुना उडून, एक मोतीबिंदूत.
पालथा हात फिरवायचे भिंतीवरून
आणि मध्येच थांबायचे:
इथं तू चहा प्यायला गेला होतास.
गेलेला असायचो.

झांबऱ्यांकडे चहाला गेलो नाही.
रात्री सुपडू बल्ब धरून उभा,
भिंतीला कान लावल्यासारखा, आडवा.
समोरून उजेड टाकला की भिंत थापा मारते,
आडव्या उजेडात एकेक लाट कबूल करते.
बाहेर केळीचा ट्रक भरत होता,
हमालांचे आकडे ऐकू येत होते, आणि दगडाचा आवाज,
कुणी झोपेत दात चावावेत तसा.

सकाळी झांबरेभाऊ मळ्यातून तडक आले,
हात चिकानं काळे.
केळीचा चीक! धोतर फाटतं, डाग जात नाही.
मी मध्ये उभा राहिलो, त्यांच्याच घरात.
भाऊ, हात नका लावू.
त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले,
मास्तरांसमोर पोरगं उभं राहतं तसे,
आणि बघत राहिले.
सुनेनं दोन खुर्च्या आडव्या लावून
मध्ये नाडा बांधला.

पंधरा दिवसांनी गेलो,
साबणाचा शेवटचा हात द्यायचा होता,
नऊ हजार राहिले होते तेही.
मे महिना, दुपारचे दोन,
रस्त्यावर डांबर चपलेला धरत होतं.
लाइट पहाटेपासून नव्हती, इन्व्हर्टरही आटलेला.
दार सताड उघडं.

खुर्च्या बाजूला सारलेल्या.
भिंतीला पाठी लावून सगळे ओळीनं बसलेले:
सून, पदर कमरेला खोचून,
दोन पोरं, एकाचा गाल चिकटलेला,
झांबरेभाऊ उघडे, बनियन मांडीवर,
काळे हात त्यावर जपून ठेवलेले.
कुत्रंसुद्धा.
कुणी उठलं नाही.
गार आहे हो, सून म्हणाली,
आणि पुन्हा डोळे मिटले.

डोक्यांच्या उंचीवर तेलाचे डाग.
मोठे दोन, लहान दोन.
समोरूनच दिसत होते, बल्बची गरज नव्हती.
साबण पिशवीतच राहिला, पैशाचंही काढलं नाही.
भाऊ जरा सरकले.

मी सदरा वर करून पाठ टेकली
आणि गार शिरत गेलं मणक्यात.
मग कळली, डाव्या खांद्याखाली, खिडकीच्या बाजूला,
केसाएवढी एक लाट.
त्या दिवशी तर मी चहाला गेलोच नव्हतो.
सुपडूही हलला नव्हता.
पाठ तिथंच ठेवून आठवत बसलो,
कुठं गेलो होतो मी.