अजून

केल्सी वही उघडून बसली आहे बुटक्या खुर्चीवर,
गुडघे जवळजवळ हनुवटीला.
विचारते, या कामाला नेमकं काय काय यावं लागतं?
तिला इथे महिना झाला. माझं हे एकोणिसावं वर्ष.

मी म्हणते, निरीक्षण. नोंदी. संयम.
ती लिहून घेते, आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं.

खरं तर आधी जमिनीवर बसता यावं,
आणि "आई गं" न म्हणता उठता.
मांडी घालायची सवय मोडू नकोस, आई म्हणायची;
तिला काय ठाऊक, पुढे डुलुथमध्ये
मला त्याचाच पगार मिळेल.

शर्टाच्या मानेमागचं लेबल कापता यावं
शिवण न उसवता.
अर्धी सकाळ रडणारं मूल
कधी कधी तेवढ्यानंच थांबतं.

सरोवरावरचा बर्फ फुटला की बोटी सुरू होतात.
पूल वर जातो, भोंगा वाजतो, खिडकीची काच थरथरते.
त्याच्या क्षणभर आधी एमेटपाशी पोचता यावं.
त्याचे कान झाकायचे नाहीत.
आपले झाकायचे, त्याला दिसतील असे.
तो बघतो, मग स्वतःचे झाकतो.
हे कळायला मला दोन हिवाळे लागले आणि एक चावा;
मनगटावर खूण आहे अजून.

विचारून झाल्यावर गप्प बसता यावं.
मनात दहापर्यंत मोजावं. मी मराठीत मोजते,
इंग्रजीतले आकडे फार लवकर संपतात.

आणि दुपारी पार्किंगमध्ये त्याची आई, ट्रिना,
रात्रपाळीचे डोळे, बोटात किल्ली,
विचारते, "आज?" एवढंच.
तेव्हा चांगलं फुगवायचं नाही,
वाईट कापसात गुंडाळायचं नाही.
सांगायचं: पाच मिनिटं बसला. डबा उघडू दिला.
बोलला नाही.
पुढचा शब्द तिच्या भाषेत सांगते,
मनात मात्र तो आपला असतो,
पानात पोळी पडताना हात आडवा न धरणाऱ्याचा:
अजून.

हे सगळं केल्सीला सांगायचं राहिलंच,
कारण एमेट येऊन उभा तिच्यासमोर,
हातात साबणाच्या फुग्यांचं कार्ड,
कडा चावून मऊ झालेलं.
ती लिहितेय.
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
एक. दोन.
त्यानं कार्ड वहीवर ठेवलं, थेट ओल्या अक्षरांवर.
सहा. सात.
ती माझ्याकडे बघते. मी खिडकीबाहेर.
नऊला वही मिटली,
बाटलीचं झाकण फिरलं.

फुगे कपाटापर्यंत गेले, फुटले.
एमेट दोन्ही हातांची बोटं जुळवतो,
टोकांवर टोकं आपटतो, पुन्हा, पुन्हा.

केल्सीला ही खूण माहीत नाही.
तरी फुंकते.